‘कुठली टेस्ट भारी?’ – मॉलिक्युलर लॅबमध्ये नवीन येणाऱ्यांसाठी

मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. किंवा डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून लॅबला लागलेली पोरं पहिल्याच आठवड्यात विचारतात, “सर, आरटीपीसीआर भारी, सीबीनॅट भारी की ट्रूनॅट?” तिन्ही टेस्ट जंतूचा जनुकीय तुकडा अनेकपट वाढवून ओळखतात. माझं उत्तर ठरलेलं: सॅम्पल कुठून आलंय आणि किती आलीत ते आधी सांगा.

कोविडचंच बघा. नेहमीच्या आरटीपीसीआरला सॅम्पलमधून आरएनए (विषाणूचा जनुकीय पदार्थ) वेगळा काढायचा, मास्टर मिक्स (टेस्टची रसायनं) भरायचं, 96 वेलची (खळग्यांची) प्लेट लावायची. यात चार-पाच तास जातात. प्लेट भरली तर परवडतं. रात्री कोल्हापूरच्या सीपीआर हॉस्पिटलला एकच अत्यवस्थ पेशंट आला तर त्याच्यासाठी प्लेट कोण लावणार? तिथं सीबीनॅट. कार्ट्रिजमध्ये सॅम्पल सोडलं की पाऊण तासात निकाल. पण कार्ट्रिज महाग, आणि चार मॉड्यूलच्या मशीनवर एका वेळी चारच सॅम्पल. ट्रूनॅट गोव्याच्या मोलबायोचं, बॅटरीवर चालणारं. पावसाळ्यात गगनबावड्याचा रस्ता पाण्याखाली गेला किंवा शंभर किलोमीटरवरच्या चंदगडमधून सॅम्पल यायचं असलं, की जागेवरच टेस्ट करणाऱ्या या मशीनचं मोल कळतं.

आता खरी तुलना. प्रोजेक्टला दोन टेस्ट समोरासमोर ठेवणारे बहुतेकजण इथंच फसतात. सीटी म्हणजे कितव्या सायकलला (वाढीच्या फेरीला) विषाणू दिसला तो आकडा; आकडा कमी तर विषाणू जास्त. सीटी 18-20 ची तगडी पॉझिटिव्ह सॅम्पल घेतली तर कुठलीही बरी टेस्ट ती पकडणारच. साधारण 3.3 सायकलमागे विषाणूचं प्रमाण दहापट बदलतं. म्हणजे सीटी 20 आणि सीटी 33 यांत जवळपास दहा हजारपटींचा फरक. टेस्टचा कस लागतो तो या 33 च्या पुढं. म्हणून कमकुवत पॉझिटिव्ह सॅम्पल मुद्दाम गोळा करा. त्याशिवाय काढलेल्या ‘दोन्ही टेस्टचे निकाल 98 टक्के जुळले’ला मी तरी किंमत देत नाही.

दोन्ही टेस्ट एकाच व्हीटीएमच्या (स्वॅब ठेवायच्या द्रवाच्या) ट्यूबमधून, शक्यतो एकाच दिवशी करा. एक आज आणि दुसरी डीप फ्रीजरमधून काढून महिन्यानं केली, तर आरएनए तुटू शकतो आणि दोष दुसऱ्या टेस्टच्या माथी येतो. निकाल जुळले नाहीत तर तिसऱ्या, वेगळी जीन बघणाऱ्या किटवर तपासा. जुन्या टेस्टलाच आपोआप खरं धरू नका. आणि दोन किटचे सीटी आकडे शेजारी ठेवून ‘ह्यात जास्त विषाणू’ असं तर अजिबात म्हणू नका. जीन वेगळी, थ्रेशोल्ड (पॉझिटिव्ह धरायची रेषा) वेगळा, घेतलेलं सॅम्पलही कमी-जास्त.

किट किती जीन बघतं हेही वाचा. अल्फा व्हेरियंटमध्ये एस जीनमधला छोटा तुकडा गळाला होता, त्यामुळं काही किटमध्ये एस जीनचा कर्व्हच (आलेखातली वाढीची रेषा) उठायचा नाही. बाकीच्या जीन होत्या म्हणून पेशंट निदानातून सुटले नाहीत.

आमच्याकडं मुलाखतीत एक आलेख पुढं ठेवून ‘रिपोर्ट द्या’ म्हणतात. पोरं लगेच पेशंटच्या कर्व्हवर जातात. आधी एनटीसी (नो टेम्प्लेट कंट्रोल) बघा: त्यात सॅम्पल नसतं, तरी कर्व्ह उठला तर प्लेट बाद. मग पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे मुद्दाम ठेवलेलं पॉझिटिव्ह सॅम्पल; त्यात कर्व्ह उठायलाच हवा. मग आरनेज पी. ही माणसाची जीन आहे. विषाणूच्या जीन नाहीत आणि हीसुद्धा दिसत नसेल, तर स्वॅब नीट घेतलेला नाही किंवा आरएनए निघालेला नाही. असा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ म्हणून जात नाही, नवीन सॅम्पल मागवायचं.