बंगाली वस्तीत इंग्रजी शिकवताय? या चुका टाळा

गडचिरोली जिल्ह्यात मुलचेरा-चामोर्शीकडच्या बंगाली वस्त्यांत बायकांचा इंग्रजीचा वर्ग थाटात सुरू होतो आणि महिन्याभरात सतरंजी रिकामी पडते. मग शिकवणारे म्हणतात, बायकांना गोडीच नाही. गोडी असते हो, पहिला धडाच चुकलेला असतो.

तो धडा म्हणजे 'व्हेअर आर यू फ्रॉम?' पुस्तकात पहिल्या पानावर आहे म्हणून फळ्यावरही पहिलाच. ही कुटुंबं पूर्व पाकिस्तानातून आली, १९६०च्या दशकात इथे वसवली गेली. वर्गात बसलेल्या कित्येकींचा जन्मच इथला. तरी एसटीत, बाजारात, काउंटरवर 'कुठल्या तुम्ही? बांगलादेशच्या का?' ठरलेलंच. तोच प्रश्न बाईंनी इंग्रजीत विचारला की माना खाली जातात. हा धडा दुसऱ्या महिन्यावर ढकला आणि उत्तर आधी घोटून घ्या: 'आय ॲम फ्रॉम मुलचेरा.' पुढे एक शब्द नाही, आजोबांचं गाव तर नाहीच. सुरुवात आकड्यांनी करा. औषधाच्या पट्टीवरचा मुदत संपण्याचा महिना आणि वर्ष वाचता आलं पाहिजे. गोळ्या काढताना तारखेचा कोपरा शेवटपर्यंत ठेवायचा, हेही त्याच तासाला.

दुसरी चूक, नावाचं स्पेलिंग 'सुधारणं'. बंगालीत 'व' चा 'ब' होतो, म्हणून आडनाव बिस्वास. मराठी कानाला ते चुकीचं वाटतं, बाई वहीत 'बी' खोडून 'व्ही' करतात. ती बिचारी तेच गिरवते, बँकेच्या फॉर्मवर तेच लिहिते. आधारवर 'बी', फॉर्मवर 'व्ही'. फॉर्म परत, वर 'खरं नाव कोणतं तुमचं?' हा टोमणा. मंडल-मोंडलचंही तेच. आधारची झेरॉक्स समोर ठेवा, चौकटी आखा, एका चौकटीत एक अक्षर, नाव-आडनावात एक चौकट रिकामी. रोज पाच वेळा, पंधरा दिवस. दोन कागदांवर दोन स्पेलिंगं असतील तर ते काम आधार केंद्राचं किंवा तो कागद देणाऱ्या कार्यालयाचं, तुमच्या लाल पेनचं नाही.

इंग्रजी उच्चार देवनागरीत लिहून देऊ नका. जिला बंगाली लिपी येते, तिचं तिला लिहू द्या.

'ही' आणि 'शी' ची गल्लत होणारच, बंगालीत दोघांना एकच 'शे'. नियम सांगू नका, घरच्यांचे फोटो दाखवून बोलतं करा.

'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' वाली पुस्तकं घरीच ठेवा.

आणि रोवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, हजेरी मांडू नका. दिवसभर चिखलात वाकलेल्या बाईला रात्री फळा दिसत नाही. दहा शब्दांचं कार्ड द्या, वर्ग रोवणी आटोपल्यावर.