मोझेलकाठचे पडके किल्ले बघायचेत? मग असं जा

आपली मंडळी जर्मनीत मोझेल नदीकाठी गेली की कोखेमचा राइशबुर्ग किल्ला बघतात, जमलं तर एल्ट्झचा किल्ला बघतात आणि संध्याकाळच्या ट्रेनने परत. दोन्ही सुंदर आहेत, पण कोखेमचा किल्ला आज जो दिसतो तो १९व्या शतकातला आहे. मूळ किल्ला १६८९ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या फौजांनी उडवून दिला होता आणि मग १८६८ मध्ये लुई रावेने नावाच्या बर्लिनच्या व्यापाऱ्याने ते अवशेष विकत घेऊन आपल्या हौसेने पुन्हा उभा केला. मला विचाराल तर मध्ययुग बघायचं असेल तर जे परत बांधले नाहीत त्या पडक्या किल्ल्यांवरच जा, आणि गाडीने नाही, द्राक्षमळ्यातून चालत वर चढा. कारण किल्ला तिथे का आहे हे चढतानाच कळतं, वळणावळणावर नदी खाली दिसत राहते आणि एकही होडी नजरेतून सुटत नाही.

कधी जायचं ते आधी ठरवा. एप्रिल ते ऑक्टोबर ठीक. हिवाळ्यात बरेच अवशेष बंद असतात, बोटीही नसतात. मी एकदा नोव्हेंबरअखेरीस सगळी चढण चढून वर गेले आणि फाटकाला कुलूप, पाऊस सुरू, खालच्या गावात चहा प्यायला एक जागा उघडी नाही. तेव्हापासून निघायच्या आदल्या दिवशी वेळा बघितल्याशिवाय मी निघत नाही. ‘रूहेटाग’ म्हणजे साप्ताहिक सुट्टी, हा शब्द लक्षात ठेवा, कारण वरच्या कॅफेलाही तो असतो.

मुक्काम कोखेमला करा. कोब्लेंझवरून रीजनल ट्रेन आहे, पाऊण ते एक तास लागतो, डाव्या बाजूची खिडकी पकडा, नदी बराच वेळ सोबत असते. डॉइचलांडटिकेट (देशभर चालणारा महिन्याचा पास) असेल तर रीजनल ट्रेन आणि बस दोन्ही त्यात होतात, बोटीचं तिकीट वेगळं काढायचं.

पहिला किल्ला बाइलश्टाइनचा, बुर्ग मेटर्निख. एकच दिवस हातात असेल तर डोळे झाकून हाच. बाइलश्टाइनला रेल्वे नाही, कोखेमवरून बस किंवा बोट. जाताना बोट घ्या, साधारण तासभर लागतो, पण मध्ये फांकेलला जलपाश आहे, बोट दोन भिंतींच्या मधे शिरते, मागचं दार बंद होतं, पाणी भरतं आणि अख्खी बोट माणसांसकट वर उचलली जाते, लहान मुलं सोबत असतील तर त्यांच्यासाठी हेच दिवसाचं आकर्षण. गाव दीडशेच्या आसपास वस्तीचं, बोटीतून उतरलं की दगडी गल्ल्या सरळ वर जातात, आणि डोक्यावर किल्ला. हाही १६८९ चाच बळी. आत जायला थोडं तिकीट आहे, सुटे पैसे ठेवा. मधोमध पाच कोनांचा बुरूज शाबूत आहे, त्यावर चढता येतं. वर गेलात की मोझेल कशी वळसा घेते ते दिसेल, एका बाजूला मळे, दुसरीकडे जंगल. उतरायच्या आधी किल्ल्याच्या मागे चढावर ज्यूंची जुनी दफनभूमी आहे, तिथे जरूर जा आणि शांतपणे जा. खालच्या गर्दीतले फार थोडे लोक तिथवर येतात.

आता अवशेष बघायचे कसे, कारण नुसतं ‘भिंत आहे, पडलीये’ म्हणून परत यायचं नाही. आपण सह्याद्रीत गडावर गेलो की पाण्याची टाकी, दरवाजे, माची, बालेकिल्ला शोधतो. इथे प्रमाण वेगळं आहे, किल्ला म्हणजे बऱ्याचदा एका सरदार घराण्याचं घर आणि नदीवरच्या जकातीची चौकी, जागा आपल्या एखाद्या माचीच्या कोपऱ्याएवढी. आधी मुख्य बुरूज बघा, त्याला ‘बेर्गफ्रीड’ म्हणतात. त्याचं मूळ दार शोधा, ते बहुतेक वेळा जमिनीवर नसतंच, चांगलं काही मीटर वर असतं, शिडी लावून चढायचं आणि हल्ला झाला की शिडी आत ओढून घ्यायची. खाली दार दिसलं तर ते बहुधा नंतर फोडलेलं. मग भिंतीत ओळीने चौकोनी भोकं दिसतील, त्यात लाकडी तुळया बसत, म्हणजे तिथे मजला होता. आणि भिंतीवर मधेच अधांतरी एखादी काळी पडलेली चूल दिसली तर थोडं थांबा. तिच्यापुढे कुणाची तरी खोली होती, हिवाळ्यात माणसं तिथे हात शेकत बसायची, आता खालची फरशी गेली आणि चूल तेवढी राहिली. मला या सगळ्यात ती चूलच जास्त जवळची वाटते.

पायात ग्रिप असलेले बूट हवेत. इथली माती म्हणजे पाटीचा दगड, स्लेट, काळपट निळ्या पातळ चकत्या पायाखाली सरकतात, करकर आवाज येतो, आणि ओल्या असल्या की साबणासारख्या. दिवसभर तापतात आणि उन्हं उतरल्यावरही हाताला कोमट लागतात, रीझलिंगची द्राक्षं या थंड प्रदेशात पिकतात त्यात या दगडाचा मोठा वाटा आहे. द्राक्षं तोडू नका, एक घडसुद्धा नाही, या उतारांवर बरंच काम आजही हाताने होतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणीच्या काळात काही वाटा बंद असतात, पाटी दिसली की दुसरी वाट घ्या. किल्ल्यावर ‘बेट्रेटन आउफ आयगेने गेफार’ अशी पाटी असेल तर अर्थ एवढाच की आत जा पण जबाबदारी तुमची. कठडा नसतो, मुलांचा हात सोडू नका. आणि दगडावर नावं कोरायची नाहीत, हे आपल्या गडांवर सांगून सांगून थकलोय, इथे तरी सांगायला लागू नये.

शरद ऋतूत गेलात तर खाली उतरून फेडरवायसर प्या, म्हणजे अजून आंबत असलेली नवी वाइन, गढूळ, गोड, फसफसणारी. बाटलीचं झाकण मुद्दाम घट्ट नसतं, वायू बाहेर पडायला वाट हवी, म्हणून बाटली बॅगेत आडवी टाकायची नाही, सगळी बॅग भिजते. सोबत त्स्वीबेलकूखेन, कांद्याचा केक म्हणा, पण त्यात बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, शाकाहारी असाल तर ‘ओने श्पेक’ असा मिळेल का ते आधी विचारा. दारावर झाडू किंवा फांद्यांची जुडी टांगलेली दिसली तर ती श्ट्राउसविर्टशाफ्ट, शेतकऱ्याने वर्षातले थोडे महिने स्वतःच्या घरी उघडलेली वाइनची जागा. तिथे आधी जा, हॉटेलात नंतर. वाइन नको असेल तर ‘ट्राउबेनझाफ्ट’ मागा, द्राक्षाचा रस.

दुसरा दिवस असेल तर ट्रेनने बुलाय, तिथे गाडी बदलून ट्राबेन-ट्रारबाख. वर ग्रेवेनबुर्ग, १७३४ मध्ये फ्रेंचांनी पाडला, खिडक्यांसकट एक उंच भिंत उरलीये आणि त्या खिडक्यांतून पलीकडे फक्त आभाळ. चढ तीव्र आहे पण लहान. तिथून बसने बेर्नकास्टेल-कूएस, वर लांड्सहुट, हा मात्र लढाईत नाही, १६९२ मध्ये आगीत गेला. त्याच्या खाली रोमन तटबंदीचे पाये सापडलेत. गावातून चढायला अर्धा-पाऊण तास धरा. तिघांतला सगळ्यात गजबजलेला हाच, मी त्याला शेवटी ठेवते.

परतीची शेवटची बस कितीची ते सकाळी उतरल्या उतरल्या थांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा, रविवारचा रकाना वेगळा असतो, तो नीट बघा. बाइलश्टाइनवरून संध्याकाळची बोट चुकली आणि बसही गेली तर टॅक्सी फोन करून बोलवावी लागते आणि ती कोखेमवरून यायला वेळ घेते.