नवऱ्याचे जुने हप्ते लेट झालेत? होम लोनआधी हे बघा

जॉइंट होम लोन टाकताना बँक दोघांचाही सिबिल (उधारी वेळेवर फेडता का, याचा स्कोअर) बघते, म्हणजे तुमचा ७९० असला आणि नवऱ्याने तीन वर्षांपूर्वी क्रेडिट कार्डाचं बिल लटकवलेलं असलं तरी फाईल अडकू शकते (आमची अडकली होती, तेही ४ हजाराच्या बिलापायी!). म्हणून फ्लॅटचं टोकन द्यायच्या आधीच दोघांचे सिबिल रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा फुल रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात नुसता स्कोअर बघू नका, खाली महिन्यांचे चौकोन असतात ना डीपीडीचे (म्हणजे पैसे किती दिवस लेट भरले), ते बघा. ००० म्हणजे वेळेवर, ०३० म्हणजे ३० दिवस लेट. हे मागच्या ३६ महिन्यांचं दिसतं, त्यामुळे डाग जुना असेल तर थोडं थांबलेलं परवडतं. कुठे 'सेटल्ड' (म्हणजे कमी पैशांत मिटवलेलं) लिहिलं असेल तर उरलेले पैसे भरून नो ड्यूज लेटर घ्या आणि ते 'क्लोज्ड' करून घ्या. नोंदच चुकीची असेल तर ऑनलाइन डिस्प्यूट टाका, ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

एकट्याच्या नावावर लोन काढायचं म्हटलं तर पात्रता एकाच पगारावर ठरते, आणि बहुतेक बँका फ्लॅटच्या ॲग्रीमेंटमधल्या प्रत्येक मालकाला को-ॲप्लिकंट व्हायला लावतात, त्यामुळे ॲग्रीमेंटवर कुणाकुणाची नावं हे रजिस्ट्रेशनच्या आधीच बँकेशी बोलून ठरवा, नंतर नाव काढणं म्हणजे पुन्हा सगळी कागदपत्रं.

आणि एकाच आठवड्यात सहा बँकांत अर्ज टाकत सुटू नका हं, प्रत्येक चौकशीची नोंद रिपोर्टवर उमटते.