आधी दगड, मग वाळू
गोबी मासा आणि पिस्तूल कोळंबीची जोडी खाऱ्या पाण्याच्या टाकीत आणताय? मग दगड वाळूवर ठेवू नका. थेट तळाच्या काचेवर घट्ट टेकवा, वाळू नंतर ओता. दोघं एकाच बिळात राहतात आणि ते करायला कोळंबी दिवसभर खालून उकरत असते. दगड कलंडला की तीच चिरडते. वाळू ५ ते ८ सेंटिमीटर, त्यात पोवळ्याचे बारीक तुकडे मिसळा, नाहीतर बीळ ढासळतं.

कोळंबीला धड दिसत नाही. एक मिशी माशाच्या अंगाला लावूनच ती बाहेर येते, त्याने शेपटी थरथरवली की गडप! चहा गार होईस्तोवर बघत बसावं असं.

गोबी उडी मारतो, तेव्हा वर जाळी हवीच. पुण्याच्या एप्रिलमध्ये काचेचं झाकण नको, पाणी तापतं. जाळीवर छोटा पंखा लावा. आटलेल्या पाण्याची भर मात्र आरओच्या गोड्या पाण्याने घाला.