ब्रेस्ट पॅथॉलॉजीच्या फेलोशिपला निघण्याआधी

एमडी किंवा डीएनबी झालं, यवतमाळ, वर्धा, गडचिरोलीकडे काही वर्षं नोकरी झाली आणि आता ब्रेस्ट पॅथॉलॉजीत, म्हणजे स्तनाच्या गाठी तपासण्यात, पुढचं शिकायचं ठरवलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. डिग्री, एमएमसी (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल) रजिस्ट्रेशन, फोटो हे सगळं तुम्ही घ्यालच. सरकारी सेवेचा बॉन्ड पूर्ण झाल्याचं पत्र आणि एनओसी मात्र अर्ज भरायच्या आधी मागून ठेवा. सहीची फाईल किती टेबलांवरून फिरते, ते तुम्हाला माहीत आहे.

आता खरं काम. स्वतः पाहिलेल्या केसेस सोबत न्या आणि प्रत्येक केसवर दोन वेळा लिहिलेल्या असू द्या: गाठ शरीरातून निघाली ती वेळ आणि फॉर्मालिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) पडली ती वेळ. गेल्या खेपेला मुलाखतीत माझ्याकडे स्लाइड होत्या, ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) होते, आयएचसीचे (पेशींतली प्रथिनं रंगवून दाखवणाऱ्या टेस्टचे) रिपोर्ट होते. या दोन वेळा नव्हत्या. ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) निगेटिव्ह केस पुढे ठेवली आणि पहिलाच प्रश्न आला, "फिक्सेशन किती तास?" म्हणजे गाठ फॉर्मालिनमध्ये किती वेळ होती? त्या केसवर पुढे बोलण्यासारखं काही उरलंच नाही.

प्रश्न रास्त होता. गाठ काढल्यापासून तासाभरात फॉर्मालिनमध्ये जायला हवी आणि त्यात ६ ते ७२ तास राहायला हवी. उशीर झाला, की पेशींतले रिसेप्टर खराब होऊ लागतात. ईआर पॉझिटिव्ह म्हणायला १ टक्का पेशींनी रंग घेतला तरी पुरतं. १ ते १० टक्के असेल तर लो पॉझिटिव्ह. इतक्या कमी पेशींवर निकाल ठरत असताना फिक्सेशन बिघडलं, तर जिला टॅमॉक्सिफेनसारखी हार्मोन रोखणारी गोळी मिळायला हवी होती तिला ती मिळत नाही. म्हणून म्हणते, वेळ लिहा.

आपल्याकडे नमुना कसा येतो? तालुक्याच्या ओटीतून, कधी सलाईनमध्ये, कधी नुसत्या पिशवीत, कधी इतक्या अरुंद तोंडाच्या बरणीत की आत गेलेली गाठ बाहेर काढताना दाबली जाते. नातेवाईक एसटीनं घेऊन येतो. कधी काढलं विचारलं तर म्हणतो, "सकाळीच काढलं जी." सकाळी म्हणजे आठ की साडेअकरा? फॉर्मवर तो रकानाच नसतो. तेव्हा अर्ज करायच्या बऱ्याच आधीपासून, जिथून नमुने येतात त्या प्रत्येक ओटीच्या सिस्टरशी बोला. रुंद तोंडाची बरणी, १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिन, नमुन्याच्या दहापट तरी, आणि बरणीवर दोन रकान्यांचं स्टिकर. झाकणावर लावू नका, झाकणं बदलतात. सर्जनना फोन करा, पुन्हा करा, कंटाळले तरी करा. वेळ कळलीच नाही तर "वेळ माहीत नाही" असं लिहा. अंदाजानं आकडा घालू नका. त्यापेक्षा कोरा रकाना बरा.

मॅस्टेक्टॉमी, म्हणजे काढलेला अख्खा स्तन, आली, तर आधी मार्जिनला (कापलेल्या कडेला) इंक लावा आणि त्याच दिवशी सेंटिमीटरभर जाडीचे काप द्या. फॉर्मालिन तासाला साधारण एक मिलिमीटर आत शिरतं. अख्खा स्तन रात्रभर तसाच बुडवून ठेवला, तर मधली गाठ कच्चीच राहते. काप केव्हा दिले तेही लिहा. हो, तीही वेळच.

आयएचसीच्या स्लाइड निवडताना त्याच काचेवर निरोगी नलिका आहेत का ते बघा. निरोगी नलिकांच्या काही पेशी ईआरला रंग घेतात. त्याही पांढऱ्या पडल्या असतील, तर "निगेटिव्ह" म्हणू नका. टेस्ट फसली म्हणा आणि दुसरा ब्लॉक लावा. हर टू (ट्यूमरच्या पेशींवरचं एक प्रथिन) २+, म्हणजे धड पॉझिटिव्ह ना निगेटिव्ह, आलेल्या केसेसचे फिश (जनुकाच्या तपासणीचे) रिपोर्टही जोडा.

तुमच्या मायक्रोस्कोपचा फील्ड, म्हणजे एका वेळी दिसणारा गोल, ४०च्या लेन्सवर किती मिलिमीटरचा आहे? आयपीसवर १८, २० किंवा २२ असा आकडा कोरलेला असतो; त्याला ४० नं भागा. २२ असेल तर ०.५५ मिलिमीटर, १८ असेल तर ०.४५. नॉटिंगहॅम ग्रेडिंगमध्ये (ट्यूमर किती आक्रमक ते ठरवायच्या पद्धतीत) दहा फील्डमधल्या मायटोसिसचा, म्हणजे दुभंगणाऱ्या पेशींचा, स्कोअर याच मापावर ठरतो. तोच ट्यूमर दोन मायक्रोस्कोपवर दोन ग्रेडचा निघू शकतो, म्हणून ग्रेडशेजारी फील्डचं मापही लिहा.

वाचायचं काय? डब्ल्यूएचओच्या स्तनाच्या ट्यूमरच्या वर्गीकरणाची २०१९ ची पाचवी आवृत्ती. पी६३ आणि कॅलपोनिन हे आयएचसीचे रंग कुठे फसवतात, लोब्युलर कॅन्सरमध्ये ई-कॅडहेरिनचा रंग कसा वाचायचा, फायब्रोएडेनोमा आणि फायलोडस या दोन गाठींमधली सीमा, डीसीआयएसमध्ये (नलिकेच्या आतच असलेल्या कॅन्सरमध्ये) मार्जिन २ मिलिमीटर आणि इन्व्हेझिव्हमध्ये (बाहेर पसरलेल्यात) इंकवर ट्यूमर नको, हे पक्कं हवं. गावाकडच्या बायका उशिरा येतात, गाठ मोठी असते, आधी केमो होते. त्यामुळे केमोनंतरच्या नमुन्यात ट्यूमर बेड (गाठ आधी जिथे होती ती जागा) कसा शोधला आणि कुठल्या कापातून कुठला ब्लॉक घेतला, याचे ग्रॉसिंगचे, म्हणजे नमुना कापतानाचे, फोटो न्या. त्यावर खूप विचारतात.

स्लाइडवरचं नाव झाका, फक्त लॅब नंबर ठेवा. ब्लॉक आणि स्लाइड बाहेर न्यायला एचओडींची (विभागप्रमुखांची) लेखी परवानगी घ्या. मे महिन्यात ब्लॉक गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण मऊ पडून एकमेकांना चिकटतात. अंगाजवळच्या बॅगेत ठेवा. स्लाइड लाकडी पेटीत.

मुलाखतीसाठी मुंबईचं तिकीट वेळेत काढा, आदल्या दिवशी पोहोचा. राहायची सोय आधी बघा, परळ महाग आहे. स्टायपेंड, सुटी, रुजू व्हायची तारीख लेखी घ्या. आणि वेळा नसलेल्या केसेस निघायच्या आधल्या रात्री यादीतून काढून टाका. दहाच उरल्या तरी चालतील.