उंदराची दाढ दुखतेय हे ओळखायचं कसं?
परळला लॅबमध्ये दातदुखीवर थीसिस करणाऱ्या ज्युनिअर्ससाठी लिहितेय. आधी एथिक्स कमिटीची परवानगी, त्याशिवाय उंदराला हात लावायचा नाही. पुढचे पटाशीचे दात घेऊ नका, ते आयुष्यभर वाढतच राहतात, दाढ मात्र माणसासारखी असते म्हणून वरची पहिली दाढ घ्या, भूल देऊन बारीक बरने (दात कोरायच्या ड्रिलचं टोक) पल्प, म्हणजे दाताच्या आतला नसांचा मऊ गाभा, उघडा. आता खरी गोची, उंदीर काय "आई गं" म्हणत नाही ना, मग चेहरा बघायचा, डोळे बारीक होतात, नाक-गाल सपाट दिसतात, कान मुडपतात, २०११ची रॅट ग्रिमेस स्केल, म्हणजे चेहऱ्यावरून दुखण्याला स्कोअर द्यायची पद्धत, त्यासाठीच आहे. रोज वजन करा, खाणं रात्रीचं मोजा, दिवसा तो झोपतो. जे औषध तपासायचं त्याचा, औषधाऐवजी नुसत्या सलाइनचा आणि दाढ न उघडलेला, तिन्ही गट हवेतच, आणि स्कोअर देणाऱ्याला गट सांगू नका प्लीज.