पीआरपी घेताय? या चुका टाळा

सिंहगड दर रविवारी चढणाऱ्या पुणेकराचा गुडघा कुरकुरायला लागला, की हल्ली कोणीतरी हमखास सांगतं, 'पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) करून टाक.' दंडातून थोडं रक्त काढायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, लाल पेशी तळाशी बसल्या की प्लेटलेट्सनी दाटलेला पिवळसर प्लाझ्मा दुखऱ्या जागी टोचायचा. ऐकायला सोपं आहे, पण पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा सुईच्या आधी किंवा नंतर.

पहिली चूक वेदनाशामक गोळ्यांची. सगळी भिस्त प्लेटलेट्सवर, आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नेमकं त्यांचंच काम मंदावतात. आधी साधारण आठवडाभर आणि नंतरही डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या बंद. घराघरात असलेल्या कॉम्बिफ्लाममध्येही आयब्युप्रोफेन असतं, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. दुखलंच तर पॅरासिटामॉल चालतं का ते विचारून ठेवा. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका. आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

पावसाळ्यात नुकताच डेंग्यू होऊन गेला असेल, तर सीबीसी (रक्तपेशी मोजणारी तपासणी) केल्याशिवाय अपॉइंटमेंट घेऊ नका. रक्तातच प्लेटलेट्स कमी असतील, तर यंत्र त्या आणणार कुठून?

इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस ठणका वाढतो. तो अपेक्षितच आहे. घाबरून डायक्लोफेनॅक घेतलं की केलेलं पाण्यात. ताप, वाढती लाली किंवा सांधा टम्म फुगणं ही मात्र जंतुसंसर्गाची लक्षणं, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठा. फरक कळायला काही आठवडे लागतात. पुढच्याच रविवारी गड चढणं हा निव्वळ हट्ट.

अपेक्षाही बेताची ठेवा. गुडघ्याच्या संधिवातावर ऑस्ट्रेलियात 288 रुग्णांवर झालेल्या, 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर पीआरपी आणि नुसतं सलाइन यांत दुखण्याच्या बाबतीत ठळक फरक दिसला नाही. हाडावर हाड घासत असेल, तर माझ्या मते हे पैसे फिजिओथेरपीला द्यावेत.

आणि चेहऱ्यासाठी पीआरपी पार्लरमध्ये तर नकोच. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या विनापरवाना स्पामध्ये असं फेशियल केलेल्या महिलांना एचआयव्ही झाला. सुई आणि किट तुमच्यासमोर फोडायला सांगा, ट्यूबवर तुमचं नाव लिहिलंय का बघा. यावर कोणी तोंड वाकडं केलं, तर उठून निघा.